अष्टमीची भरती

साळावच्या पुलाचा फोटो काढायचा तर आधी पंचांग बघावं लागतं. हसू नका. पुलामागे सूर्य बुडताना खाडी भरलेली हवी, नाहीतर फोटोत नुसता चिखल येतो. माझे वडील पेणकडच्या मिठागरात राबले, त्यामुळे भरतीचं गणित मी पाढ्यांच्या आधी शिकले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अवसे-पुनवेला पाणी भर दुपारी चढतं. संध्याकाळी सहाला हवं असेल तर अष्टमी गाठावी लागते.

माझी मुलगी बंगळुरूला नोकरीला जाण्याआधी आम्ही दोघी रेवदंड्याहून रोह्याला परतत होतो. एसटी पुलावर आली आणि खाली काठोकाठ सोनेरी पाणी. "आई, इथे आपल्या दोघींचा फोटो हवा," ती म्हणाली. एसटी थोडीच थांबते! पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. हे गेल्यापासून घरात दोघींचा एकत्र असा धड फोटो नव्हता.

मग दरवर्षी मी पंचांग काढून बसायची आणि दरवर्षी वैतागायची. मुलं घरी येतात सणाला, आणि आमचे सण अवसे-पुनवेचे. दिवाळी अवसेची, होळी पुनवेची. ती घरात असली की संध्याकाळी खाडी रिकामी. गौरी तेवढ्या अष्टमीच्या आसपास येतात, पण भाद्रपदात सूर्य कुठे धड दिसतो? एका दिवाळीला मी साडी नेसून तयार झाले, तर ती म्हणाली, "चिखलच बघायचाय ना? राहू दे, पुढच्या वेळी." आणि झोपली. दमून आली होती बिचारी. मीही तशीच साडी घडी करून ठेवली.

यंदा मी तिला फोनवर स्पष्टच विचारलं, "मार्गशीर्षातल्या अष्टमीला येशील?"

"आई, रजेच्या अर्जात कारण काय लिहू? भरती?"

मी हसले. ती खूप हसली. "तू जाऊन काढ ना," म्हणाली, "आणि मला पाठव."

गेले. दुपारच्या एसटीने साळावला उतरले आणि खाडीच्या आतल्या बाजूला जागा धरून बसले. शेजारी सुकी मासळी विकणारी एक बाई टोपली आवरत होती. "एकलीच आलीस गो बाय?"

"व्हय," म्हटलं.

"पोरंबाळं नाय?"

"हाय ना, मुलगी हाय. लांब हाय." कितीतरी वर्षांनी मी माहेरचं बोलले. तिने मान हलवली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली.

पाणी वेळेवर आलं. अष्टमीची भरती उधाणासारखी धावून येत नाही. हळूहळू चढत गेली, चिखल झाकला गेला, पुलाचे खांब पाण्यात उतरले आणि मागे सूर्य तांबडा झाला. इतकी वर्षं पंचांगात शोधलेलं दृश्य समोर होतं. फोटो छान आले. पण कोपराने ढोसून "बघ गं" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, आणि मला फार एकटं वाटलं. अंधार पडायच्या आत एसटी मिळाली.

रात्री जेवून तिला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. उचलला तर समोर माझा पूल, भरलेली खाडी, तांबडा सूर्य, आणि त्यांच्या पुढ्यात माझी मुलगी. कॉम्प्युटरवर तिने तो फोटो स्वतःच्या मागे लावला होता. ती हलली की केसांच्या कडेने तिच्या खोलीतली पांढरी भिंत डोकावायची.

"बघ, आले की नाही पुलावर?" ती म्हणाली. "आत्ता ऑफिसच्या कॉलवर सगळे विचारत होते, कुठली जागा म्हणून."

"आलीस गो," मी म्हटलं. "छान दिसतेस."

मग दूध उतू जातंय असं खोटंच सांगून मी फोन ठेवला आणि पोटभर रडले.