लसणाच्या कढईतला चहा

गॅस संपला आणि त्याच सकाळी लोणी गावचं पावणं नातीला बघायला दारात! चहाविना पाठवलं तर स्थळ गेलंच म्हणायचं.

सुनेनं इंडक्शन काढलं. मी त्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं, तर इंडक्शन नुसतंच पीं-पीं करतंय.

"आत्या, ज्याला लोहचुंबक चिकटंल तेच भांडं यावर तापतं," सून म्हणाली.

फ्रीजवरचा चुंबक घेऊन मी सगळी मांडणी धुंडाळली. चिकटली एकच, सपाट बुडाची लोखंडी कढई, रोज लसणाची फोडणी खाणारी. घासघास घासली आणि तिच्यातच चहा उकळला.

घोट घेऊन मुलाची आई थबकली. "मावशी, चहात लसूण घालता व्हय?"

"मी केलाय बाई! पोरीला लई झाक येतो."

ती खो-खो हसली. "मग पोरगी पसंत. कढई मात्र तुमच्याकडंच ठेवा!"