तुंबा खाली आहे

जावयाने सासरी पाहुणा म्हणून जावं, राहायला जाऊ नये, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या वर्ध्याकडच्या गावात घरजावयाला बैलापेक्षा कमी मान असे, कारण बैल निदान नांगर तरी ओढतो. तरी मी घरजावई झालो. वडील लवकर गेले होते, मॅट्रिक होऊनही नोकरी नव्हती, आणि मुलगी मला आवडली होती. ती एकुलती एक. तिचे वडील जबलपुरात बांधकामाचे ठेकेदार होते. पोरीला दूर पाठवणार नाही, असं त्यांनी लग्नाआधीच सांगितलं आणि मी हो म्हटलं. म्हणताना लाज वाटली नाही. ती पुढे सवडीने वाटायला लागली आणि मग रोज वाटत राहिली.

जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातलं त्यांचं घर चांगलं होतं. मागची मोठी खोली आम्हाला दिली होती. जेवताना पहिलं ताट माझं, चहात जास्त साखर माझी, आणि सासूबाई माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. या मानानेच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, आणि नागोबाला रोज दूध मिळत होतं.

अखेर मला तिथल्या एका कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली. गावातच नेपियर टाउनमध्ये एका वकिलाच्या बंगल्यामागे दोन खोल्या रिकाम्या असल्याचंही कळलं. बायको जाऊन पाहून आली. तिथली चूल, तिथला ओटा, मागची तुळस, सगळं तिने मला दोनदा सांगितलं. वकिलाने सोमवारपर्यंत थांबतो म्हटलं होतं. आता फक्त सासऱ्यांची परवानगी हवी होती, आणि ती मागण्याची माझी छाती होत नव्हती. हा सज्जन माणूस लेकीवाचून खचून जाईल आणि त्याचं पाप माझ्या माथी येईल, अशी माझी खात्री होती.

"तू स्वतःच काहून नाही सांगत?" मी बायकोला म्हटलं.

"मी सांगितलं तर ते रडतील, अन् मग मीबी रडीन. तुम्हीच सांगा. अन् या रविवारी सांगितल्याशिवाय घरी येऊ नका."

घरात त्यांना एकटं गाठणं अशक्य होतं. सकाळपासून मजूर, मिस्त्री, मुकादम येत. एकटे असत ते फक्त रविवारी सकाळी, तुंब्यांनी मासे धरायला गढ्याकडच्या तलावावर जात तेव्हा. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी म्हटलं, "मामाजी, उद्या मीही येतो." सासऱ्यांना मामाजी म्हणायची आमच्याकडे रीत आहे. ते इतके खूश झाले की माझी मान आणखी खाली गेली. मराठीत एखाद्याच्या मागे लागून विनवण्याला गळ घालणं म्हणतात. मी सासऱ्यांना गळ घालायला निघालो होतो आणि ते मला गळ टाकायला शिकवणार होते.

तुंबा म्हणजे वाळवलेला, पोकळ भोपळा. त्याच्या मानेला मेण लावलेली सुती दोरी बांधायची, दोरीच्या टोकाला गळ, गळाच्या थोडं वर एक खडा. असे दहा-बारा तुंबे तलावात मोकळे सोडून द्यायचे आणि होडीत बसून दुरून त्यांच्यावर नजर ठेवायची. दारांना लावून उरलेला लाल रंग सासऱ्यांनी प्रत्येक तुंब्याच्या वरच्या अर्ध्याला दिला होता, खालच्या अर्ध्याला पांढरा. मासा लागला की तुंबा उलटतो, पांढरं पोट वर येतं आणि तो पळायला लागतो. मग त्याचा पाठलाग करायचा. काठी नाही, हातात दोरी नाही, बसून वाट पाहण्याचाच सगळा धंदा. माझ्यासारख्या भित्र्याला हे जमायला हरकत नव्हती.

त्या संध्याकाळी मी बांधलेली पहिली गाठ त्यांनी एका बोटाने सोडवली. दुसरीही सोडवली. तिसरी सुटेना तेव्हा ते म्हणाले, "अच्छा, ही मासा सोडवंल." आणि हसले. मीही हसलो, आणि उद्या या माणसाला आपण काय सांगणार आहोत ते आठवून हसू गिळलं.

सकाळी तलावावर त्यांचे दोन दोस्त आधीच आले होते. दोघं हिंदी बोलणारे, दोघांची मिळून एक होडी. एकाने मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "ये कौन हैं, ठेकेदार साहब?"

"दामाद हैं."

"अच्छा, वही, जो घर में ही रहते हैं?" आणि वर त्याने तिकडची म्हणही ऐकवली, "ससुराल सुख की सार, जो रहे दिना दो-चार." दुसरा खोकल्यासारखं हसला. सासरे तुंबे मोजण्यात गुंतल्यासारखे वाकले. त्यांनाही लाज वाटली असेल असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या लाजेला जागा पुरत नव्हती, दुसऱ्याची कुठे ठेवणार?

दसरा होऊन गेला होता. तलावाचा एक काठ शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेला होता, बाकीचं पाणी मोकळं होतं. आमची होडी म्हणजे एक अरुंद डोंगा, मी पुढे, सासरे मागे वल्हं घेऊन. कणकेत हळद आणि कोंबडीची आतडी मळून केलेले गोळे आम्ही गळांना लावले आणि एकेक तुंबा पाण्यात सोडला. "एक गोष्ट ध्यानात ठेवा, जावईबापू," ते म्हणाले, "काही झालं तरी उभं नाही राहायचं."

मग आम्ही वाट पाहत बसलो. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. "मामाजी, तुमचे उपकार..." हे फार रडकं वाटलं. "मामाजी, आता नोकरी लागली तेव्हा..." यात मग्रुरी वाटली. प्रत्येक वेळी तोंड उघडलं की ते म्हणायचे, "श्श. पाण्याला कान असतात." मी तोंड मिटायचो आणि मनातून सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटल्याचीही लाज वाटायची.

ऊन चढलं. पाण्यावर इतकी चमक आली की मला तुंबे धड दिसेनात. आमच्या डाव्या हाताला, अगदी जवळ एक तुंबा होता. तिकडे पाहून सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हा तुंबा खाली आहे."

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. सासऱ्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी बोलत, पण तिला हिंदीचा शेजार लागलेला. 'खाली' म्हणजे रिकामा, हे त्यांच्या तोंडी लहानपणापासूनचं. आमिष माशाने खाऊन टाकलंय, गळ रिकामा आहे, जरा ओढून घ्या, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. वर्ध्याकडे खाली म्हणजे खाली. मी ऐकलं की तुंबा बुडाला, मासा लागला.

मी उभा राहिलो. वाकून दोन्ही हातांनी तुंब्याखालची दोरी पकडली आणि तलावातला सगळ्यात मोठा मासा त्या टोकाला आहे असं धरून अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून ओढली. टोकाला काहीच नव्हतं. मी मागच्या मागे गेलो तो थेट सासऱ्यांच्या मांडीवर. डोंग्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे विचार केला आणि आम्हा दोघांना पाण्यात टाकलं.

पाणी छातीपर्यंतच होतं, खाली गुडघाभर चिखल. सासऱ्यांची टोपी एकीकडे, वल्हं दुसरीकडे. त्यांच्या खांद्यावर शिंगाड्याचा वेल आला होता. आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडचा एक तुंबा उलटला, पांढरं पोट दाखवत सरळ रेषेत तलावाच्या मध्याकडे पळत सुटला. आम्ही उभे राहून तो जाताना पाहिला. दोस्तांनी त्यांची होडी त्याच्यामागे घातली, बराच वेळ दमवून त्याला धरलं आणि एक चांगला हातभर लांब पढीन, म्हणजे बिनखवल्याचा मिशाळ मासा, आणून आमच्या पायाशी काठावर टाकला. तुंबा ज्याचा, मासा त्याचा, हा तिथला कायदा.

"लीजिए, दामादजी की कमाई," म्हणणारा म्हण ऐकवणाराच होता.

दोस्त निघून गेले. आम्ही दोघं काठावर कपडे पिळत बसलो. सासरे रागावले नव्हते, आणि रागावले असते तर बरं, असं मला वाटत होतं. त्या क्षणी जमिनीने दुभंगून मला पोटात घ्यायला हवं होतं. पण जमीन चिखलाची होती आणि सोमवार उद्यावर आला होता. याहून जास्त लाज उरलेली नाही तर आत्ताच बोलून टाकावं, असा हिशेब करून मी धोतराच्या निऱ्यांकडे पाहत म्हटलं, "मामाजी, आम्ही वेगळं राहावं म्हणतो. नेपियर टाउनला दोन खोल्या आहेत. तुमची परवानगी असेल तर..."

वाक्य पुरं झालं नाही.

"अच्छा? मग खोली कधी खाली करता?"

या वेळी मला तो शब्द बरोबर कळला.

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याची कळा होती. "दिवाळीच्या आत केली तर चुना मारून होईल. तुमच्या सासूला कधीपासून देवघर त्या खोलीत न्यायचं आहे. उजेड चांगला येते तिथं. पण जावयाला जा म्हणायचं कसं? मीच पोरीला घरी ठेवून घेतलं. आता कोणत्या तोंडानं सांगू? लाज वाटे, बापू. तलावावर लोकं बोलतात ते काय मला ऐकू नाही येत?" आणि त्यांनी माझ्या ओल्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं तुम्हीच बोलले."

मी हसलो असेन. या माणसाचं काळीज फाटेल म्हणून मी महिनोन् महिने गप्प बसलो होतो आणि तो दिवस मोजत होता. आमच्यावाचून घर ओस पडेल असं मला वाटत होतं, आणि आमच्या जागी बसायची देव वाट पाहत होते.

घरी आलो तर बायको मागच्या दारातच उभी होती. सासरे मासा घेऊन पुढून गेले. तिने माझे ओले कपडे पाहिले, पण त्याबद्दल विचारलं नाही.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

खरं सांगता आलं असतं. पण ती पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती, आणि तुझ्या बापाने आनंदाने हो म्हटलं, हे त्या चेहऱ्याला कसं सांगणार? मी म्हटलं, "बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुमची मर्जी."

"डोळ्यांत पाणी होतं?"

"सगळा चेहरा ओला होता," मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

ती आत गेली. मला वाटलं, रडून घेईल आणि उद्या सामान बांधेल. दुपारी पाटावर बसलो, तिने वाढायला घेतलं. मासा झणझणीत झाला होता. वडिलांच्या ताटात तिने डोक्याचा मोठा तुकडा घातला आणि तिथेच खाली बसली.

"बाबूजी," ती म्हणाली, "तुम्ही मनाला लावून नका घेऊ. मी यांना सांगून टाकलं. आम्ही कुठीच नाही जात."

तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या हातातली पळी भातावरच थांबली. सासऱ्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माशाचे काटे काढत होतो.

"अच्छा," ते म्हणाले.