पप्पांनी सांगितलेला अर्धा फरक

घाटकोपरच्या डोंगरावर आमची एक खोली, सहा माणसं, आणि पाणी खालून डोक्यावर आणायचं. पप्पा लेथवर टर्नर. कारखान्याची शेड बंद पडली की दुसऱ्या शेडच्या गेटवर उभे राहायचे, पण माझ्या कॉलेजचा एक दिवस बुडू दिला नाही. घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच, आणि ते मी मान ताठ करून सांगते. पप्पा जाऊन पाच आठवडे झाले... तेव्हापासून एका जागी बसवत नाही. बसलं की एक गोष्ट टोचते.

अंधेरीच्या एका कंपनीत मी सीटी स्कॅनर चालवते. माणसांचा नाही, मशीनच्या सुट्या भागांचा. भाग टेबलावर फिरतो, एक्स-रे निघत राहतात, त्यातून आतलं चित्र तयार होतं. टेबलाचा अक्ष चित्राच्या मध्यरेषेपासून जरा सरकला की कडेला चंद्रकोरीसारखी सावली येते आणि चांगल्या भागातही तडा वाटतो. दोन वर्षांपूर्वी तेच झालं होतं. साहेबांनी बजावलं, सोमवारपर्यंत जमलं नाही तर मशीन दुसऱ्याकडे. मी बारीक तार उभी करून एक एक्स-रे काढला, अर्धा फेरा फिरवून दुसरा. दुसरा आरशासारखा उलटवून पहिल्यावर ठेवला, दोन रेषांमधला फरक मोजला, तेवढा कॉम्प्युटरमध्ये दुरुस्ती म्हणून भरला. सावली गेली नाही. डावीकडची उजवीकडे आली, बस.

रविवारी घरात नुसत्या येरझारा. पप्पा म्हणाले, "काय गो, पायाक भिंगरी लागली काय?"

"तुम्हाला नाही कळायचं, पप्पा. कॉम्प्युटरचं आहे."

"बरां. तुझ्या मशीनीत फिरता काय, ता तरी सांग."

चिडूनच सांगितलं. ते हसायलाच लागले. "फरक सगळो भरलंस? अगो चेडवा, लेथच्या चकात धरलेलो जॉब मधापासून जरा बाहेर बसलो तर मापाची डायल अर्ध्या फेऱ्यात दुप्पट दाखवता. सरकवूचो अर्धोच. मोठी इंजिनियर ना तू!"

राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. सोमवारी अर्धा भरला. कड एकच, स्वच्छ. "झकास! कुणाला विचारलंस?" साहेब म्हणाले. "कुणाला नाही सर, मीच काढलं." संध्याकाळी पप्पांनी विचारलं, "जमला?" मी नुसतं "हो" म्हणून कामाला लागले... त्यानंतर दोन वर्षं होती माझ्याकडे, सांगायला.

परवा साहेबांना खरं सांगितलं. मशीन आजही मीच चालवते. अक्ष लावताना आम्ही फरकाचा अर्धाच भरतो, आणि सावलीला तडा समजून एकही चांगला भाग आमच्याकडून परत गेलेला नाही.