आधी तोडायचं का राखायचं

हॅकिंग! हा शब्द ऐकला तेव्हापासून माझं डोकंच फिरलं होतं. चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या एका सायबर कॅफेत मी कामाला होते. कॅफेवाले भाऊ हाताखाली कॉम्प्युटर शिकवायचे. कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या परीक्षा असतात, नागपूरला जाऊन द्यायच्या, पास झालं की नोकरी मिळते, हे त्यांनीच सांगितलं.

पण पहिली कोणती द्यायची? मूल तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांनी धानाच्या बांधीत उभं राहून बजावलं होतं, "यंदा नोकरी लागली तं लागली. नाई तं पाहुणे येतीन तुले पाहाले, मंग मले काई सांगू नको." म्हणजे जी परीक्षा पहिली देईन, तिच्यावरच सगळं. मला थेट हॅकिंगचीच हवी होती. भाऊ म्हणायचे, आधी राखण शिक, नेटवर्क आणि सुरक्षेची साधी परीक्षा दे. छे! पासवर्ड कसा ठेवावा हे काय शिकायचं? आमची रोज जुंपायची.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. भाऊ वैतागून म्हणाले, "एवढी हॅकर हायेस ना? माहा मेल उघडून दाखव. उघडला तं तुह्या मनासारखं."

माझे हात शिवशिवले. भाऊ चंद्रपूरच्या महाकालीला हात जोडल्याशिवाय शटर वर करत नसत. मी पासवर्ड म्हणून तिचंच नाव टाइप केलं. उघडला! मी खुर्चीतून उडालेच. "भाऊ, पहिल्याच झटक्यात!"

भाऊ खो खो हसले. "सरक." त्यांनी माझ्या मेलचा पत्ता टाकला आणि खाली तेच नाव. तोही उघडला.

"आता सांग पोरी, आधी काय शिकाचं? तोडाचं का राखाचं?"

खरं सांगते, लाजेआधी मला मजाच वाटली. कॅफेत लोकांची मेलची खाती मीच काढून द्यायचे. पासवर्ड काय ठेवू, असं मी सगळ्यांदेखत विचारायचे, आणि जो तो कपाळाला हात लावून महाकालीच सांगायचा. अर्धं शहर एकाच किल्लीनं उघडत होतं! कोणीतरी हे राखायला नको? त्याच दुपारी ठरलं आणि मी झपाटल्यासारखी अभ्यासाला लागले.

राखायची परीक्षा पास झाले. नागपूरच्या एका ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, "सगळे हॅकिंगच्या मागे धावून राह्यले, तुम्ही हे आधी काऊन केलं?" मी महाकालीची गोष्ट सांगितली. साहेब पोट धरून हसले. मग एकदम "एक मिनिट हं," म्हणत त्यांनी स्क्रीन माझ्यापासून वळवली आणि घाईघाईनं पासवर्ड बदलला. साहेब अमरावतीचे होते, आणि टेबलावर तिथल्या अंबादेवीचा फोटो होता.

"सोमवारपासून या," ते टाइप करता करताच म्हणाले.

मी धावत एसटीडी बूथ गाठला. गावातल्या शेजाऱ्यांच्या फोनवर बाबांना बोलावून घेतलं आणि सगळा बूथ दणाणेल अशी ओरडले, "बाबा, पाहुण्यांले नाई म्हणा!"