अध्यक्षांची खुर्ची

आपण संपलो असल्याची बातमी आत्याला भर सकाळी, हातात भाजीची पिशवी असताना मिळाली.

संग्रहालयाच्या फाटकाशी भावजयीने नेहमीसारखे पाय थांबवले होते. तिथल्या फळ्यावर येत्या महिन्याचे कार्यक्रम खडूने लिहिलेले असत, आणि बाजारातून परतताना ते आत्याला मोठ्याने वाचून दाखवायचे हे ठरलेलंच होतं. आत्या जन्मापासून आंधळी. भावजयीला वाचायची हौस आणि आत्याला नावं ठेवायची, त्यामुळे दोघींचं जमायचं.

“पहिल्या रविवारी, जुन्या छायाचित्रांवर गप्पा.”

“माझ्या काय कामाच्या.”

“दुसऱ्या रविवारी, बुजलेल्या विहिरींची पायी फेरी.”

“आधी बुजवतात, मग फेऱ्या काढतात. पुढे?”

“तिसऱ्या रविवारी…” भावजय थांबली.

“वाच की. घसा बसला का?”

“हरवलेले हात,” भावजय आवाज उतरवून म्हणाली. “वेताच्या खुर्च्या विणण्याची लुप्त कला. व्याख्यान. नगरपालिकेच्या जुन्या सभागृहातील अध्यक्षांची खुर्ची प्रथमच पाहण्याची संधी.”

आत्याने पिशवी खाली ठेवली.

“लुप्त म्हणजे?”

“म्हणजे… आता उरली नाही अशी.”

“आणि मी काय आहे मग?”

“तुम्ही आहात हो, वन्सं. चांगल्या ठणठणीत आहात. चला, ऊन व्हायला लागलंय.”

पण आत्याची काठी फाटकातून आत शिरलीसुद्धा होती. तिकिटाच्या खिडकीचा लाकडी कठडा तिला सापडला. त्यावर तिने बोटांनी टकटक केलं.

“किती जण?” आतून कंटाळलेला आवाज आला.

“एकच. लुप्त कला.”

“काय?”

“तुमच्या फळ्यावर आहे ना, ती. मी आलेय. कुठे ठेवता मला?”

खिडकीतल्या माणसाने घाबरून कार्यक्रमवालीला बोलावलं. ही संग्रहालयाचे कार्यक्रम ठरवणारी मुलगी. तिच्या चपला जिन्यावरून धावत खाली आल्या. आत्या काय म्हणतेय हे कळल्यावर तिला आधी हसू फुटलं, मग ती ओशाळली, आणि मग तिने आत्याचे दोन्ही हात धरले. मुलीचे हात गार आणि जरा घामेजलेले होते.

“आजी, खरंच तुम्ही अजून विणता?”

“आजी तुझ्या घरी. मला सगळी गल्ली आत्या म्हणते.”

“आत्या, ती अध्यक्षांची खुर्ची अंध मुलींच्या शाळेत विणली होती, एवढंच आम्हाला माहीत आहे. कोणी विणली ते…”

“मी विणली,” आत्या म्हणाली. “आणखी कोण विणणार?”

हे ती गेली कित्येक वर्षं सांगत आली होती. भावाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकलेलं होतं. दुकानामागच्या खोलीत ती बसायची. एका बाजूला रबराच्या सोल्यूशनचा वास, दुसऱ्या बाजूला टबात भिजत पडलेल्या वेताच्या पट्ट्यांचा. ओल्या वेताला वास येतो तो पावसाचा नाही आणि झाडाचाही नाही, एखादी बंद खोली बऱ्याच काळाने उघडावी तसा काहीतरी येतो. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, कोणाकोणाच्या आजोबांच्या खुर्च्या तिच्याकडे फाटून येत आणि ताठ होऊन जात. अंधाराचं तिला काही नव्हतं. उजेड ज्यांनी बघितला त्यांना अंधार. ही दोन्ही ओझी लोक उगाच तिच्या अंगावर टाकत. तिच्या हाताला भोकं कळत, ताण कळे, कुठली पट्टी उद्या तुटणार हे कळे. जग तेवढं होतं आणि पुरेसं होतं.

कार्यक्रमवाली दोन दिवसांनी त्या खोलीत आली, लाकडी पाटावर मांडी घालून बसली आणि आत्याला बोलतं करू लागली. बोलतं करायची गरज नव्हती. थांबवायची होती.

“शाळेच्या कार्यशाळेत एक पद्धत होती,” आत्या पट्टी ओढत म्हणाली. “खुर्ची विणून झाली की विणणारीने नाही, दुसऱ्या मुलीने तिच्यावर बसायचं. धाडकन. आणि म्हणायचं, बसले, जाऊ दे. मगच खुर्ची गिऱ्हाइकाकडे जायची. बाईंचा हात फिरला तरी चालायचं नाही, मुलगीच बसली पाहिजे.”

“किती छान!”

“छान कसलं? वैर काढायची सोय होती ती. तर सभागृहाच्या दोन मोठ्या खुर्च्या आल्या, उंच पाठीच्या. एक अध्यक्षांची, एक उपाध्यक्षांची. एक मला दिली, एक ढिलीला. अध्यक्षांची मलाच, हे काय सांगायला हवं.”

“ढिली?”

“एक मुलगी होती. डावखुरी. तिच्या सगळ्या गाठी उलट्या बाजूने वळायच्या आणि हात असा मऊ की वेताला वाटावं, गोंजारतेय. मीच नाव ठेवलं होतं ढिली. तिची खुर्ची झाली आणि बसायची पाळी आली माझी. मी सरळ सांगितलं, मी नाही बसणार, मला माझी हाडं हवीत.” आत्या मनापासून हसली. “सगळी कार्यशाळा हसली. बाई चिडल्या. दुसरी कोणी बसायला पुढे येईना. गाडी दारात उभी, मग गेली तशीच खुर्ची, कोणी न बसता.”

“आणि ती?”

“ती काय. पाण्याचा टब घेऊन बाहेर गेली, ओतला, परत आली. पुढे शाळा सुटली, कुठे गेली कोण जाणे.” पट्टी भोकातून सर्रकन वर आली. “ते सोड. त्या रविवारी मला माझी खुर्ची हाताळायला मिळणार ना?”

मुलीने पाटावर मांडी बदलली.

“मिळणार. पण हातमोजे घालून. संग्रहातल्या वस्तूला उघडा हात लावता येत नाही, आत्या. हाताच्या घामाने खराब होते. आमचे संचालकही मोजे घालतात.”

“तुमच्या संचालकांना डोळे आहेत.”

“नियम आहे.”

“हे बघ बाळ, डोळ्यांनी मी आंधळी आहेच. आता हातांनीही करता का?”

मुलगी संचालकांशी बोलून बघते म्हणाली. बोललीही असावी, कारण दुसऱ्या दिवशी भावाच्या फोनवर उत्तर आलं. मोजे हवेतच. बसणं तर दूरच. मात्र शेजारी एक कोरी चौकट ठेवू, तिच्यावर आत्यांनी जरूर विणून दाखवावं, श्रोत्यांना फार आवडेल.

“घाला की मोजे,” रात्री ताटं वाढताना भावजय म्हणाली. “थंडीत घालता तसे.”

“मी तिथे नाचायला जात नाहीये. मेलेय म्हणतात मला, त्यांना उत्तर द्यायला जातेय. उत्तर त्या खुर्चीत आहे. इतकी वर्षं मी सांगतेय, अध्यक्ष माझ्या विणीवर बसत होते. एकदा हात लावून सांगू दे, मग घाला मला काचेत.”

“ताई, पण कशाला वाद?” भाऊ म्हणाला.

“तुला सायकलीला मोजे घालून हात लावायला सांगितलं तर?”

भावाने पुढचा घास घेतला.

तिसऱ्या रविवारी संग्रहालयाचं सभागृह भरलं होतं. आत्याला ते आवाजावरून कळलं, आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत हेही कळलं, कारण माणसं हलली की त्या फरशीवर कुंथत होत्या. व्याख्याते बारीक, दमलेल्या आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी हातांबद्दल बोलायला सुरुवात केली तीच कोणाला पोचवून आल्यासारखी.

“आणि अशा रीतीने ही कला काळाच्या पडद्याआड गेली…”

“पडद्याआड नाही,” आत्या पहिल्या रांगेतून म्हणाली. “सायकलच्या दुकानाआड. वाणसामानाच्या दुकानावरून डावीकडे.”

सभागृह हसलं. व्याख्यातेही हसले, चांगल्या मनाचे होते. पण त्यांचा धागा तुटला तो तुटलाच. कार्यक्रमवालीने संधी साधून आत्याला हाताला धरून पुढे नेलं. मखमलीचा जाड दोर आत्याच्या पोटाला लागला. दोराच्या पलीकडे खुर्ची. मग तिच्या तळहातावर काहीतरी हलकं, सुती ठेवलं गेलं.

“आत्या, मोजे,” मुलगी कुजबुजली. “प्लीज. संचालक समोरच आहेत.”

“तू घाल. तुझेच हात गार असतात.”

आणि दोरावरून वाकून आत्याने उघडा हात खुर्चीवर ठेवला.

पहिल्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला. ते संचालकच असावेत. आत्याचं लक्ष नव्हतं. पाठीची चौकट, हाताची लाकडं, पुढचा गोल काठ, सगळं होतं तसं होतं. तळवा बैठकीवर आला. वीण ताठ होती. एकही पट्टी लवत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की भावजयीने मागून शेजारणीला कोपराने ढोसलं.

मग आत्याचा हात बैठकीखाली गेला, जिथे विणणारी सोडून कोणी हात घालत नाही. तिथे पट्ट्यांची टोकं बांधलेली असतात.

हात थांबला. पुढच्या गाठीवर गेला. तिथून पुढच्या.

सगळ्या गाठी उलट्या बाजूने वळल्या होत्या.

समोर भरलेलं सभागृह होतं आणि सगळ्यांना डोळे होते. त्या डोळ्यांपैकी एकालाही हे कधी दिसणार नव्हतं. नुसतं होय, माझीच, म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, फळ्यावर नाव लागलं असतं आणि दुकानात येणाऱ्यांना सांगायला आणखी एक गोष्ट मिळाली असती. उजेडात बसलेल्या माणसांना फसवणं किती सोपं असतं, हे आत्याला त्या क्षणी कळलं आणि तिला त्यांचा राग आला. स्वतःचा आला की नाही ते तिने कोणालाच सांगितलं नाही.

“काय झालं, आत्या?” मुलीने विचारलं.

“ही माझी नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ढिलीची आहे,” आत्या मोठ्याने म्हणाली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. “डावखुरी होती ती. खाली हात घालून बघा. नाही, तुम्ही नका घालू, तुम्ही मोजे घालता. माझं ऐका. अध्यक्ष तिच्या विणीवर बसत होते.”

कुजबुज उठली. व्याख्याते पुढे झाले.

“पण मग जोडीतली दुसरी तुमची असणार,” ते समजूत घालावी तसे म्हणाले. “फक्त… ती आता नाही. तिची बैठक फार लवकर फाटली होती, अशी एक आठवण आम्हाला कोणीतरी सांगितली आहे. मग टाकून दिली.”

प्लॅस्टिकच्या खुर्च्यासुद्धा गप्प झाल्या.

“फाटली?” आत्या म्हणाली.

“असं ऐकलंय.”

“माझी?”

आत्याच्या गळ्यातून एक आवाज आला. भावजयीला वाटलं रडतेय. ती हसत होती, थोडंसं, नाकातून, कोणी डाव टाकून जिंकल्यावर हरणारा हसतो तसं.

“सटवी,” ती म्हणाली. “गोंजारत होती म्हणे वेताला.”

मग तिने दोर उचलला आणि त्याच्याखालून पलीकडे गेली.

“अहो!” संचालक उठले. “अहो बाई, बसू नका! संग्रहातली वस्तू आहे ती!”

“ती खुर्ची आहे,” आत्या म्हणाली आणि बसली. हळू नाही, टेकून नाही. कार्यशाळेत बसायची तशी, सगळा भार एकदम टाकून, धाडकन.

वेत करकरला. लांबच लांब, सगळ्या बाजूंनी, इतक्या वर्षांचा सुकलेला आवाज सभागृहभर फिरला. संचालकांनी डोळे मिटून घेतले. मग आवाज थांबला. खुर्चीने आत्याला धरलं होतं.

“बसले,” आत्या म्हणाली. “जाऊ दे.”

संचालक जवळ येऊन दबल्या आवाजात म्हणाले, “आता कृपा करून उठा. हे फार झालं.”

“उठते. आधी तो फळा आणा.”

“कोणता फळा?”

“फाटकावरचा. त्यावरचं ते लुप्त पुसा. आणि विणणारीचं नाव घाला.” इथे आत्याने पहिल्यांदाच ढिली न म्हणता तिचं खरं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून. “पुढच्या रविवारी काय आहे तुमचं?”

“नाण्यांचं प्रदर्शन,” मुलगी म्हणाली.

“त्याच्या खाली लिही, ज्यांच्या खुर्च्या फाटल्यात त्यांनी घेऊन याव्यात. मी येईन. शिकायचं असेल त्यांनी हात घेऊन यावेत, नुसते. मोजे नकोत.”

“असं परस्पर ठरवता येत नाही,” संचालक म्हणाले. “कार्यक्रम महिनाभर आधी मंजूर होतात.”

“मी बसलेय,” आत्या म्हणाली. “मला घाई नाही.”

मागून कोणीतरी टाळी वाजवली. एकटीच टाळी होती, भावजयीची. मग आणखी काही पडल्या. संचालकांनी कार्यक्रमवालीकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि ती बाहेर गेली. थोड्या वेळाने फळा फरशीवरून घासत आत आला; ती एकटीच ओढत होती आणि कोणी मदतीला उठायच्या आत तो खुर्चीसमोर उभाही राहिला. कापडाने पुसल्याचा आवाज. मग खडूचा, न थांबणारा.

संचालक परत जाऊन आपल्या जागी बसले तेव्हा त्यांची खुर्ची कुंथली.

“वाच गं,” आत्याने भावजयीला हाक मारली.

भावजय रांगेतून पुढे आली, पदराने तोंड पुसलं आणि वाचलं. आधी नाव, मग खुर्च्यांचं, मग हातांचं.

“पुन्हा नाव वाच.”

भावजयीने पुन्हा वाचलं.

“बरोबर लिहिलंय?”

“बरोबर, वन्सं.”

तेव्हा कुठे आत्या उठली. तिच्यामागे वेत एकदा करकरून वर आला आणि पुन्हा ताठ झाला. तिने वळून बैठकीवर तळवा ठेवला, होता तसा आहे का ते बघायला.