पुलाची खालची बाजू

स्टुडिओत तिला सगळे पाणीवाली म्हणत. सिनेमांसाठी संगणकावर पाणी बनवायचं, हे तिचं काम. आईला ते कधी पटलं नाही. "नळ सोडला की येतं ते! त्याचा पगार देतात?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, आणि लेकीच्या प्रत्येक सिनेमाला थिएटरात बसून खुशाल घोरायची.

या खेपेचं तळं मात्र पाणीवालीचा जीव की प्राण होतं. काठाशी वाकून पाहिलं तर तळातले गोटे दिसत. नजर लांब गेली की गोटे विरून तिथं आभाळ उतरे. त्यावर एक लाकडी पूल. हे जमवताना तिनं डोळ्यांची पार वाट लावून घेतली होती. आणि दिग्दर्शक नाक मुरडून म्हणाला, "पाणी खोटं वाटतंय. काय खोटं, ते मलाही सांगता येत नाही. सोमवारी पुन्हा बघतो. नाही जमलं तर तळंच काढू, नायिका पायवाटेनं जाईल."

पायवाटेनं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलापाशी धुसफुसत बसली होती. समोर आई, मुरगळलेला पाय टेबलाखाली ठेवलेल्या गरम पाण्याच्या टबात सोडून.

"पाय माझा मुरगळलाय, कण्हतेस तू," आई म्हणाली आणि टॉवेल घ्यायला तिनं पाय बाहेर काढला.

टबातलं पाणी हळूहळू निवांत झालं. त्यात एक लाल मासा दिसला.

पाणीवालीनं मान वर केली. वर टेबल, टेबलावर बशी. मासा कुठंच नाही. पुन्हा खाली पाहिलं, तर मासा आहे! मग एकदम आठवलं. लहानपणी रुसून टेबलाखाली बसली असताना तिनंच तो टेबलाच्या खालच्या अंगाला तेलखडूनं रंगवला होता आणि आईचा धपाटा खाल्ला होता. माणसाला टेबल वरून दिसतं, पाण्याला ते खालून दिसतं!

"आई! पुलाला खालची बाजूच नाही!"

"कुठल्या पुलाला?"

कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते घडवायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला शिरस्ता. त्यामुळे पूल नुसता वरून आणि बाजूनं बांधलेला, आणि पाण्यात त्याचंच चित्र उलटं करून टाकलेलं. बावळटपणाच की! आनंदानं तिनं आईचा गालगुच्चा घेतला आणि चपला उलट्यासुलट्या अडकवून ती पळाली.

दिवसभर तिनं पुलाखालच्या फळ्या घडवल्या. तुळया, खिळ्यांची टोकं, ओलीचे डाग, सगळं. सोमवारी दिग्दर्शक खुर्चीत पुढं सरकला. "पाण्यात काय बदललंस?"

"पाण्याला बोटही लावलं नाही," ती म्हणाली. त्यानं ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तळं राहिलं.

सिनेमा लागला तेव्हा आई नेहमीसारखी पेंगायला लागली होती. तळं आलं तसं पाणीवालीनं तिला कोपरानं ढोसलं. नायिका पुलावर आली. खाली पाण्यात फळ्या हलत होत्या, आणि एका फळीवर एक लाल मासा.

"अगं, आपलं टेबल!" आई अंधारात उभीच राहिली. मागचे लोक ओरडले, तशी ती खाली बसली. पण मग सिनेमा संपेपर्यंत तिचा डोळा लागला नाही.

"टेबल खराब केलंस, ते केलंसच," ती लेकीचा हात घट्ट धरून कुजबुजली. "पण पाणी खरं आहे गं."