अण्णांच्या मशीनमधली सनई

माणूस दिसला की त्याच्यातला आवाज तेवढा काढून घ्यावा आणि माणूस परत पाठवावा, असा अण्णांचा स्वभाव होता. सोलापुरातल्या आमच्या लग्नाच्या ऑर्केस्ट्राचे ते मालक आणि कीबोर्डवाले. मी त्यांच्याकडे ढोलकी वाजवायचो. "तुझे चार बोल मशीनमधी भरले की टेम्पोत एक जागा मोकळी होतीय बघ," असं सगळ्यांसमोर म्हणायचे आणि वर स्वतःच्या ताटातली जिलेबी माझ्या ताटात टाकायचे. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

त्यांचं मशीन म्हणजे जुना सॅम्पलर. कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि पट्ट्यांवर वाजवायचा. बंद केलं की मशीन सगळं विसरायचं. पुढच्या कार्यक्रमाला फ्लॉपी घालून आवाज पुन्हा चढवावे लागत. हळदीच्या कार्यक्रमांत पट्ट्यांच्या फटीत हळद जायची. दुसऱ्या दिवशी अण्णा एकेक पट्टी काढून धोतराच्या फडक्यानं, स्पिरिट लावून पुसत बसायचे. घरात कानडी चाले. बायकोनं जेवायला हाक मारली तरी "साकु!" म्हणजे पुरे, एवढंच ओरडायचे.

त्या मशीनमधली सनई वैरागच्या महादबाची. महादबा आमच्यातच वाजवायचा. एका दुपारी अण्णांनी त्याला माइकपुढे बसवून एकेक सूर वेगळा फुंकून घेतला. आपली कॅसेट निघणार असं समजून तो बिचारा गाल दुखेपर्यंत फुंकत राहिला. पुढच्या लग्नसराईत अण्णा म्हणाले, "महादबा, आता घरी बस. तुझा दम माझ्याकडं हाय." त्यानं सनई फडक्यात गुंडाळली आणि एसटी धरली. तेव्हापासून अण्णा तिला 'माझी सनई' म्हणू लागले. महादबाचं नाव चुकूनही तोंडात नाही.

मग फ्लॉप्यांना बुरशी लागली. तसलीच एक फ्लॉपी अण्णांनी मशीनमध्ये घातली आणि बुरशी आतल्या, फ्लॉपी वाचणाऱ्या हेडला चिकटली. "अण्णा, आधी हेड पुसा," मी म्हणालो. "तू ढोलकी पूस," ते म्हणाले आणि दुसरी फ्लॉपी घातली. मग तिसरी. घाणेरडं हेड प्रत्येकीला खरवडत गेलं. शेवटी सनईची ट्रंकेत जपलेली कॉपीही हट्टानं घातली, तीही गेली. अण्णा तिच्यावर फुंकर मारत बसले. मला मनातून बरं वाटलं, आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

अण्णांच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. 'माझी सनई ऐका,' असं अक्कलकोटच्या पाहुण्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. फ्लॉपीची जागा काढून पेनड्राइव्ह बसवला, मेमरी वाढवली, अंधूक झालेला स्क्रीन बदलला. नेटवरची सनई भरली. एक पट्टी दाबून अण्णांनी हात मागे घेतला. "ही सनई न्हाय, शिट्टी हाय."

आम्ही वैरागला गेलो. महादबानं चहा दिला, तक्रारीचा शब्द काढला नाही. सनईची पत्ती ओली केली आणि अंगणात वाजवू लागला. चहा माझ्या हातातच गार झाला. अण्णांनी हळूच पिशवीतून माइक काढला, तसा तो थांबला.

"पोरीच्या लग्नाला मी सवता येतो की, अण्णा. नुस्तं ये म्हन. पन त्या डबड्यात आता न्हाय."

'ये' एवढंच म्हणायचं होतं. मी कोपरानं ढोसलं. अण्णांनी माइकची वायर गुंडाळली. "मशीन हाय माझ्याकडं," ते म्हणाले.

लग्नात नेटवरचीच सनई वाजली. अण्णा मान खाली घालून वाजवत होते. कुणाच्या कपाळाला आठी नाही. माणसं जेवली, फोटो काढले, मांडवभर कौतुक झालं. पाठवणीला पोरगी त्यांच्या गळ्यात पडली.

"अण्णा, तुमच्यासारखी सनई कुणाचीच न्हाय, सगळी म्हणत्यात."

अण्णांनी तिचे हात सोडवले. "माझी न्हवं ती," ते म्हणाले. "वैरागच्या महादबाची हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव पहिल्यांदाच घेतलं, आणि नेमकं त्या दिवशी ते खोटं होतं.